वीस मिलिमीटरचं भोक, दीड मीटरची स्टिक: मिनी लेथवर क्यूचं काम

टेबलावर मावणारा छोटा लेथ, म्हणजे वस्तू फिरवून कापायचं यंत्र, तुम्ही ऑनलाइन बघितला असेलच. कोणी लाल रंगात विकतो, कोणी निळ्या. बेडवर (खालच्या लोखंडी पाटावर) १८० मिमीचा स्विंग, म्हणजे एवढ्या व्यासाची वस्तू फिरते, दोन सेंटरमध्ये, म्हणजे वस्तू धरणाऱ्या दोन टोकांमध्ये, ३५० मिमी, डीसी मोटर, समोर वेग कमीजास्त करायची घुंडी. अमेरिकेत त्याला सात बाय चौदा म्हणतात, म्हणजे इंचात. एकाच घडणीचं हे यंत्र चीनमधून निघतं आणि वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, म्हणून माझ्यावरचं लेबल सांगून काही फायदा नाही. ह्या यंत्रावर पूल आणि स्नूकरच्या स्टिकचं, म्हणजे क्यूचं, काम होतं का, एवढंच ह्या रिव्ह्यूत आहे. होतं. पण खोक्यातून काढून बेंचवर ठेवला की लगेच होत नाही, आणि त्यासाठी जे बदल करावे लागतात ते इंटरनेटवर सगळ्यात जास्त चर्चेत असलेले बदल नाहीत.

माझं जळगावच्या एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. डाळ मिलचे शाफ्ट, चटईच्या कारखान्यांचे रोल, पाइपवाल्यांचं किरकोळ डायचं काम, हे रोजचं. आयटीआय टर्नर, त्यामुळे हात लेथवरच बसलेला. संध्याकाळी स्नूकरचा नाद. आपल्याकडच्या पार्लरमधल्या स्टिकची अवस्था खेळणाऱ्याला सांगायला नको: टिप (टोकाचं चामडं) मशरूमसारखी पसरलेली, पितळी फेरूल (टिपेखालचं कडं) हललेली, तोंड तिरपं घासलेलं. कोणीतरी ब्लेडने टिप कापून फेविक्विक लावून नवी डकवतो आणि दुसऱ्या फ्रेमला मिसक्यू, म्हणजे टिप चेंडूवरून घसरणं, सुरू. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असं मानतात. भुसावळहून इटारसीची गाडी धरली की जबलपूर त्याच वाटेवर. खेळ शेजारचा, पण स्टिक नीट करून हवी तर पोरं मुंबई-पुण्याला पाठवतात, हे मला काही पटत नव्हतं.

आता पहिला प्रश्न सगळेच विचारतात. वर्कशॉपात सहा फुटी लेथ उभा असताना हे खेळणं कशाला? त्याचं कारण तेल. मोठ्या लेथवर दिवसभर लोखंड चालतं. चकच्या (वस्तू धरणाऱ्या शिकंज्याच्या) जॉमध्ये, स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) भोकात, सॅडलवर (टूल नेणाऱ्या गाड्यावर) सगळीकडे काळं तेल आणि बारीक बुरा. स्नूकरची स्टिक बहुतेक ॲशच्या लाकडाची असते. ॲशचे रेषे उघडे, ते तेल शोषून घेतात. एकदा काळा डाग आत गेला की घासून निघत नाही. अमेरिकन पूलच्या स्टिकचा शाफ्ट, म्हणजे टिपेकडचा अर्धा भाग, मेपलचा असतो, तो बंद रेषांचा, पण पांढराशुभ्र, त्यामुळे डाग आणखी उठून दिसतो. शिवाय मोठा लेथ मोकळा असतो कधी? पंधरा मिनिटांच्या टिपसाठी चार तासांचा सेटअप मोडायचा म्हटलं तर हेल्परसुद्धा तोंड वाकडं करतो. म्हणून लाकडासाठी वेगळा, कोरडा, हलका लेथ हवा होता.

यंत्र ट्रान्सपोर्टने लाकडी पेटीत आलं, चाळीस-एक किलोचं. पेटी उघडली तेव्हा सगळं ग्रीससारख्या लालसर चिकट थराखाली होतं. तो रॉकेलने धुवायचा, आणि धुताना अर्धं यंत्र खोलायचं हेच बरं. टूल सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइड आणि कंपाउंडच्या गिब पट्ट्या (ढिलाई काढणाऱ्या) एक तर इतक्या ढिल्या की हाताने टूलपोस्ट हलत होती, नाहीतर एका टोकाला घट्ट नि दुसऱ्याला सैल. सॅडलच्या खालच्या पट्ट्याही तशाच. हे सगळं बसवून घ्यायला टर्नरला एक सुट्टीचा दिवस पुरतो. ज्याने आयुष्यात लेथ हाताळला नाही त्याने मात्र हे यंत्र म्हणजे तयार वस्तू नसून जोडणीचं सामान आहे असं समजूनच घ्यावं. यादीत लिहिलेला स्टेडी रेस्ट (लांब जॉबला मध्ये आधार देणारा) पेटीत नव्हता. विकणाऱ्याला फोन केले, फोटो पाठवले. ‘पुढच्या लॉटमध्ये देतो’ हे उत्तर ठरलेलं. शेवटी मीच बनवला. विक्रीनंतरच्या सेवेला मी शून्य देईन, आणि घेणाऱ्याने हे गृहीत धरूनच पैसे मोजावेत.

आता मुख्य विषय. ह्या लेथच्या स्पिंडलमधून आरपार भोक आहे २० मिमीचं. स्नूकरची स्टिक टिपेपाशी साडेनऊ-दहा मिमी आणि बुडाशी साधारण २९. लांबी ५७-५८ इंच, म्हणजे जवळपास दीड मीटर. पूलची स्टिक टिपेपाशी १३ च्या आसपास, मधल्या जोडापाशी साडेएकवीस, बुडाला ३२. हे आकडे बघून कोणीही म्हणेल की जमणार नाही. पण जरा गणित करा. स्नूकरच्या स्टिकची जाडी दर मीटरला साधारण १३ मिमीने वाढते. टिपेपासून ३० सेंटिमीटरवर ती साडेतेरा असते आणि वीसला पोचते थेट पाऊण मीटरच्या पुढे. टिपेचं काम करायचं तर स्टिक मागून, म्हणजे डाव्या बाजूने, टिप पुढे करून स्पिंडलमध्ये घालायची. हेडस्टॉक (स्पिंडल ज्यात असतो ती डावीकडची पेटी) आणि चक मिळून अडवतात जेमतेम ३० सेंटिमीटर. टिप चकच्या बाहेर डोकावते, बूड डावीकडे हवेत. वीसचं भोक भरपूर झालं.

अडतं ते दुसरीकडेच. यंत्रासोबत बहुतेक वेळा ८० मिमीचा तीन जॉचा चक येतो. जाहिरातीत स्पिंडलचं भोक २० लिहिलेलं असतं, ते खरंच असतं, पण ८० च्या चकचं स्वतःचं भोक १६ मिमी आहे. म्हणजे चार मिलिमीटर तिथेच गेले. टिपेच्या कामाला तेही चालतं. पण पूलच्या शाफ्टचं जोडाकडचं टोक करायचं असेल, तर शाफ्ट समोरून, टिप आत घालून ढकलावा लागतो, आणि तेव्हा सोळावर अडकला की चकच्या बाहेर एवढी लांबी लोंबते की काही करता येत नाही. १०० मिमीच्या चकचं भोक २२. तो बसवला की स्पिंडलचं पूर्ण वीस वापरता येतं, जोडाचं तोंड चकच्या जवळ येतं. त्यासाठी मध्ये एक ॲडॉप्टर प्लेट लागते. तयार मिळते, मी मात्र एमएसची (साध्या लोखंडाची) बनवली, आपल्याच स्पिंडलवर चढवून तोंड सपाट केलं आणि चकच्या खाचेत बसणारा गोल उंचवटा तिथेच टर्न केला. असं केलं की प्लेटचा आऊट, म्हणजे फिरताना मध्य सोडून पळणं, स्पिंडलच्याच मापात राहतो. सगळ्यात आधी करायचा बदल हाच. बाकीचं सावकाश.

ह्यानंतर लोक जिथे चुकतात ती गोष्ट. स्टिक गोल असली तरी सरळ दांडा नाही, ती निमुळती आहे. तीन जॉच्या चकमध्ये तिच्यावर टेप गुंडाळून धरली, तर जॉ तिला एकाच रेषेवर, जाड बाजूला, धरतात. बारीक बाजू मोकळी. चक चालू केला की टिप हवेत गोल काढते. मग लोक म्हणतात यंत्रात आऊट आहे, बेअरिंग बदला, आणि ६२०६ चे साधे बॉल बेअरिंग काढून ३०२०६ टेपर रोलर घालायच्या मागे लागतात. लोखंडाला जड कट घ्यायचा असेल तर तो बदल चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण चामडं, पितळ आणि मेपल कापायला त्याची काही गरज नाही. स्टिक वाकडी पळते कारण तिला एकाच ठिकाणी धरलं आहे. तिला दोन ठिकाणी धरा: एकदा पुढे चकमध्ये, एकदा स्पिंडलच्या मागच्या तोंडाशी. माझ्या मते हा एवढाच बदल म्हणजे क्यूचा लेथ. बाकी सगळी सोय.

पुढची पकड नायलॉनच्या कॉलेटची, म्हणजे चकच्या जॉ आणि स्टिकच्या मध्ये बसणाऱ्या चिरलेल्या नळीची. जळगावात नायलॉनचा रॉड शोधायला लागत नाही, प्लॅस्टिकच्या गावात राहतो आपण. डेलरिन (एक कडक प्लॅस्टिक) मिळालं तर उत्तम, ते कापायला स्वच्छ आणि पाणी जवळपास शोषत नाही. नायलॉन पावसाळ्यात थोडं फुगतं. ३० मिमीचा तुकडा, लांबी ३५, एका बाजूला छोटी कॉलर म्हणजे आत घसरणार नाही. भोकं ११, १२, १३, १४ अशी वेगवेगळी. भोक पाडताना कंपाउंड अगदी किंचित फिरवायचा. ३५ मिमीत स्टिकची जाडी अर्ध्या मिमीच्या आतबाहेर बदलते, कोन अर्ध्या अंशाहूनही कमी. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण सरळ भोकाचं कॉलेट आणि टेपर भोकाचं कॉलेट ह्यांत टिपेपाशी डायल (आऊट मोजायचं घड्याळ) लावून बघा. आधी भोक, मग हॅक्सॉने एक चीर, मग आतली कोर झीरो पेपरने मोडायची. आणि बाहेरून मार्करने खूण: ही बाजू एक नंबरच्या जॉकडे. ज्या चकमध्ये बोअर केलं त्याच चकमध्ये, त्याच जॉला लावून धरलं तर चकचा स्वतःचा आऊट आपोआप वजा होतो. माझ्या चकचा आऊट काही कौतुक करावा असा नाही, तरी कॉलेटमधून तोंडाशी डायल दोन-तीन शतांश मिमीच्या आत राहते. टिपेला ह्याच्यापुढे काही लागत नाही.

मागची पकड जरा डोकं खाणारी. स्पिंडलच्या मागच्या टोकाला बेअरिंग घट्ट ठेवणारा नट असतो. त्याचे आटे मोजून तसाच पण लांब नट मी बनवला, इतका लांब की गिअरच्या झाकणाच्या बाहेर दोन बोटं येईल. झाकणाला गोल भोक पाडलं. नटाच्या बाहेरच्या टोकावर नव्वद-नव्वद अंशावर चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), त्यांच्या टोकांना नायलॉनच्या टिकल्या. स्टिक आत घातली की पुढून कॉलेट अर्धवट आवळायचं, मागचे स्क्रू समोरासमोरचे कमीजास्त करत डायल बघायची, चार जॉच्या चकमध्ये जॉब सेंटर करतात अगदी तसं, आणि मग दोन्ही आवळायचे. वापरून जुनी झालेली स्टिक हमखास थोडी वाकलेली असते. तिलाही ह्यात टिपेपुरतं खरं पळवता येतं. एक सूचना मात्र पाळाच. ग्रब स्क्रू पृष्ठभागाच्या वर आलेले नकोत. फिरणाऱ्या नटातून वर आलेला स्क्रू बाही कधी ओढेल सांगता येत नाही. आणि हातमोजे घालून लेथवर उभा राहणारा माणूस माझ्या वर्कशॉपात तरी टिकत नाही.

मग उरते डावीकडे हवेत लोंबणारी मीटरभर स्टिक. एकसंध स्टिक असेल तर जड बूड तिकडेच. ह्याला आधार दिला नाही आणि वेग वाढवला की ती चाबकासारखी फिरते, आणि बेंचजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बरगडीपर्यंत पोचते. मी ६२०८ चं बेअरिंग वापरलं. आतला व्यास ४०, बाहेरचा ८०. ते एका लाकडी ठोकळ्यात बसवून ठोकळा उंची बदलता येईल अशा स्टँडवर, आणि आत चीर दिलेले नायलॉनचे बुश, ३० मिमीपर्यंतच्या बुडासाठी वेगवेगळ्या मापाचे. बुश बेअरिंगसोबत फिरतो, स्टिक घासली जात नाही, वार्निश शाबूत. बाजारातला क्यूसाठीचा खास लेथ घेतला तर हेच सगळं जाड ॲल्युमिनियमात, चकाचक येतं. काम तेच. बेंच खिडकीजवळ ठेवला आहे, कारण खोली लहान आहे आणि एकसंध स्टिक चढवली की बूड खिडकीच्या चौकटीपर्यंत जातं. कोणी मध्ये येऊ नये म्हणून त्या बाजूला एक पाइपचा कठडा उभा केला, पोरं बघायला गर्दी करतात म्हणून तो लागतोच.

वेग. जाहिरातीत २५०० आरपीएम लिहिलंय, ते विसरा. हाय गिअरला हात लावायची वेळ मला क्यूच्या कामात येत नाही. लो गिअरमध्ये सेंटर बघताना दोनशे-तीनशे, कापताना सहाशे ते आठशे. हजाराच्या वर कधीच नाही.

आता टिप बसवायचं काम जवळून सांगतो, कारण यंत्राची किंमत इथेच वसूल होते. जुनी टिप ब्लेडने काढली की फेरूलच्या तोंडावर जुन्या गोंदाचा पिवळट थर असतो. हाताने कितीही घासा, तोंड बुटक्या घुमटासारखं होतं, मध्ये उंच, कडेला उतार. नवी टिप त्यावर फक्त मधोमध चिकटते, आणि म्हणूनच महिन्याभरात उडते. लेथवर धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने पाच शतांश मिमीचा एक कट बाहेरून मध्याकडे घेतला की गोंद उडतो आणि पितळाचं स्वच्छ, चमकदार, सपाट वर्तुळ दिसतं, मध्ये लाकडाचं टेनन, म्हणजे फेरूलमध्ये शिरलेलं बारीक टोक. हे वर्तुळ सगळीकडे सारखं चमकलं पाहिजे. एका बाजूला मळका चंद्र राहिला म्हणजे तोंड अजून तिरपं आहे, आणखी एक कट. मग यंत्र बंद. टिपेचा खालचा भाग सपाट काचेवर ठेवलेल्या पेपरवर घासून घ्यायचा. गोंद जाडसर सायनोॲक्रिलेट, जेलवाला. पातळ घेतला तर चामड्यात मुरतो आणि मऊ टिपसुद्धा दगड होते. दोन थेंब नाही, एकच, आणि तोही पितळावर पसरून. मग टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या सरकत्या आधाराच्या) एमटी-२ टेपरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या निमुळत्या भोकात, बसणारा एक सपाट तोंडाचा पितळी दांडा बनवलाय, तो पुढे आणून टिप दाबून ठेवायची. सेंटरच्या रेषेत सरळ दाब, हाताने इतका खरा दाब देता येत नाही. टेलस्टॉक मूळ यंत्रात खालून पान्याने आवळावा लागतो, ते काही मिनिटांतच कंटाळवाणं होतं. कॅमचा लिव्हर बसवा, स्वस्त आहे आणि रोज आशीर्वाद द्याल.

गोंद पूर्ण धरला की फेरूलवर टेपचा एक वेढा, आणि टिपेची बाहेरची कड कापायची. टूल टिपेकडून फेरूलकडे न्यायचं, म्हणजे कापताना टिप दाबली जाते, उचलली जात नाही. चामड्याचे पातळ केसासारखे दोरे निघायला लागले की टूलला धार आहे; पूड निघाली तर धार गेली. शेवटचा केसभर भाग टूलने नाही, बारीक पेपरच्या पट्टीने. इथे घाई केली तर पितळ तापतं, आणि पितळ तापलं की खालचा गोंद सुटतो. मध्ये मध्ये बोट लावून बघायचं, चटका लागायच्या आधी थांबायचं. कड सपाट झाली की तिला किंचित पाणी लावून चामड्याच्या तुकड्याने चालू लेथवर दाबून चकाकी आणायची. अशी कड लवकर पसरत नाही. वरची गोलाई मी हातानेच देतो. त्यात खेळणाऱ्याची आवड असते, आणि तिथे मला यंत्रापेक्षा त्याच्या तक्रारीवर जास्त विश्वास आहे.

अमळनेरहून एक पोरगा आला होता, हातात कापडात गुंडाळलेली स्टिक. “आप्पा, मनी स्टिक नीट व्हई का?” त्याच्या फेरूलचं तोंड असं तिरपं झालं होतं की कोणीतरी त्यावर एका बाजूला कागदाची घडी घालून टिप चिकटवली होती. मागचे चार स्क्रू, दोन कट, नवी एल्क मास्टर टिप. अर्ध्या तासाच्या आत काम आटपलं. तो पैसे किती विचारत होता आणि मला त्या कागदाच्या घडीचं कौतुक आवरत नव्हतं.

पूलच्या स्टिकची फेरूल वेगळी. ती पितळेची नाही, फिनॉलिक किंवा तत्सम प्लॅस्टिकची, साधारण इंचभर लांब, आणि आतलं लाकडी टेनन आठ मिमीच्या आसपास. जुनी फेरूल फुटली की ती टूलने कापून काढायची, टेननला धक्का न लावता. इथे ह्या छोट्या लेथचा हलकेपणा कामाला येतो, क्रॉस स्लाइडवर हाताला लाकूड आणि प्लॅस्टिक ह्यांतला फरक कळतो. प्लॅस्टिक आणि लाकडाला मी ॲल्युमिनियमसाठीचे पॉलिश केलेले इन्सर्ट (टूलला लावायचे कापणारे तुकडे) वापरतो. लोखंडाच्या इन्सर्टची धार मुळातच बोथट ठेवलेली असते, ती रेषे उपटते. पूलच्या नियमांत टिप १४ मिमीपेक्षा मोठी चालत नाही, आणि स्टिकचं वजन जास्तीत जास्त २५ औंस, हे लक्षात ठेवलं की गिऱ्हाइकाची कुठली मागणी नियमात बसते ते कळतं. बटचं, म्हणजे स्टिकच्या मागच्या जाड भागाचं, काम मात्र ह्या लेथवर मी करतच नाही. ३२ मिमीचं बूड वीसमधून जाणार नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही युक्तीने ते खरं पळत नाही. त्याला मोठा लेथच, चक स्वच्छ पुसून, जॉवर कापड लावून. तेवढ्यासाठी हेल्परची समजूत काढतो.

लाकडाचा भुसा आणि लेथचं तेल ह्यांचं जमत नाही. दोन्ही मिसळले की बेडवर घासणारी लापशी होते, आणि त्यात पॉलिश पेपरची खर पडली की बेड गेलाच समजा. काम सुरू करण्याआधी बेड कोरडा पुसायचा, पेपर मारताना बेडवर कापड टाकायचं, व्हॅक्यूमचं तोंड टूलपोस्टजवळ, आणि संध्याकाळी पुन्हा तेलाचा हात. आपल्याकडच्या हवेचाही विचार करायला लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा कोरडी ठाक. जुलैत भिंतीला ओल. लाकूड ह्या दोन्हींत हलतं. उन्हातून मोटरसायकलवर आणलेल्या स्टिकवर मी लगेच कट घेत नाही, एक रात्र सावलीत आडवी ठेवतो. मोटरच्या वेगाच्या कार्डाला विजेचे हेलकावे मानवत नाहीत. एमआयडीसीत दुपारी व्होल्टेज कसं नाचतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. स्टॅबिलायझर लावला, तेव्हापासून कार्ड गप्प आहे.

आता तो प्रसिद्ध बदल: बेड लांब करणं. पूलचा शाफ्ट २९ इंच, म्हणजे सुमारे ७३५ मिमी, आणि यंत्रात दोन सेंटरमध्ये ३५० मिमी. म्हणून लोक लेथ लांब चॅनलवर बसवतात, दुसरा टेलस्टॉक लावतात, टेपरची पट्टी करून सॅडलवर ट्रिमर (लाकूड कापायचं हातयंत्र) चढवतात आणि कोऱ्या मेपलमधून शाफ्ट काढतात. मीही करून बघितलं, दीडशे मिमीच्या लोखंडी चॅनलवर, वरचा भाग शेपर मशीनवर सपाट करून. शाफ्ट निघाला, खेळताही येतो. पण हौस म्हणूनच करा. चॅनल आणि लेथचा बेड एका रेषेत ठेवणं हे सततचं काम आहे, एक बोल्ट आवळला की दुसरीकडे डायल हलते. शिवाय शाफ्ट एका दमात होत नाही. थोडं कापायचं, आठवडे टांगून ठेवायचं, लाकडाला वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग पुढचा कट. चांगले क्यूमेकर असंच करतात. तेवढा वेळ यंत्र अडवून ठेवलं तर दुरुस्तीचं काम कधी करायचं? नव्या स्टिक बनवण्याचा धंदा करायचा असेल त्याने सात बाय चौदाच्या मागे लागूच नये. ३८ मिमी भोकाचे थोडे मोठे बेंच लेथ मिळतात, त्यातून बट जातो. नाहीतर राजकोट-बटाल्याकडचा जुना, लांब बेडचा लेथ धुवून पुसून फक्त लाकडाला ठेवावा. जागा आणि पैसा दोन्ही असेल तर मी तेच केलं असतं.

पैशाचं बोलायचं तर वरच्या बदलांना, चॅनलची हौस सोडून, यंत्राच्या किमतीच्या साधारण पाव हिस्सा गेला. सगळ्यात महाग पडला १०० चा चक, बाकी नायलॉन, बेअरिंग आणि भंगारातलं एमएस. माझी मजुरी त्यात धरलेली नाही. वर्कशॉप नसलेल्याला लांब नट आणि ॲडॉप्टर प्लेट कोणाकडून तरी करून घ्यावी लागेल, आणि ते काम चांगल्या टर्नरलाच द्या. एकट्या स्वतःच्या स्टिकसाठी हा खटाटोप परवडत नाही. दोन-तीन पार्लरची कामं धरली, तर परवडतो. अलीकडे धुळ्याहून आणि चाळीसगावहूनही स्टिक यायला लागल्या आहेत, एसटीच्या पार्सलने, प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये घालून. पाइप आपल्याकडचाच.

गुण द्यायचे तर दुरुस्तीच्या कामाला, बदल केल्यानंतर, पाचपैकी चार. जसा आला तसा दीड. मागवण्याआधी विकणाऱ्याला फोनवर बाकी काही विचारू नका, मोटर किती वॉटची वगैरे ते सगळे वाढवूनच सांगतात. चक ८० चा की १०० चा, स्टेडी रेस्ट पेटीत आहे की ‘सोबत मिळेल’, आणि मागच्या नटाचा फोटो पाठवा, एवढंच विचारा. मागचा नट म्हणजे कोणता असं त्याने विचारलं, तर दुसरा विकणारा शोधा.